समाजकार्याची परदेशी पदवी : जाणारे आणि येणारे

मागच्या खेपेला प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं होतं, ‘मुलगी एमएसडब्ल्यू करायला अमेरिकेला निघाली आहे. लोकांची सेवा करायला परदेशी पदवी कशाला हवी?’ वेळ संपल्याचं निमित्त सांगून आम्ही सुटलो. खरं म्हणजे उत्तर तयार नव्हतं. आज इतिहासाच्या बाजूने त्याकडे जाऊ.

सेवा जुनी, पण तिची शाळा फार अलीकडची. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला धर्मादाय संस्थांतल्या कार्यकर्त्यांसाठी सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. तोच वाढत वाढत पुढे कोलंबिया विद्यापीठाचं समाजकार्य विद्यालय झाला. त्याआधी जेन अ‍ॅडम्स यांनी लंडनच्या गरीब वस्तीतलं टॉयन्बी हॉल पाहिलं आणि १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस उघडलं. म्हणजे परमुलखात जाऊन पाहून येणं हे या विद्येच्या मुळाशीच आहे.

आपल्याकडे मात्र तिकडचाच माणूस इकडे आला. शिकागोत शिकलेले मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले. नागपाड्याच्या वस्तीत त्यांनी नेबरहूड हाउस चालवलं. त्याच वास्तूत १९३६ मध्ये टाटांच्या विश्वस्तनिधीतून समाजकार्याचं पदव्युत्तर विद्यालय सुरू झालं, तेच आजचं टिस. नागपाड्यात परका विद्यार्थी खरं तर मॅन्शार्टच होते, हे आपण विसरतो.

स्वातंत्र्यानंतर प्रवास उलटा झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शिष्यवृत्त्या होत्या, १९५० पासून फुलब्राइट आली. आपली तरुण मंडळी गेली आणि येताना ‘केसवर्क’ घेऊन आली. एक माणूस, त्याची अडचण, समोर बसून शांतपणे केलेली बातचीत. मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये या पद्धतीची घडी बसवली होती. १९५७ मध्ये फेलिक्स बीस्टेक या जेझुइट पाद्र्यांनी तिची सात तत्त्वं मांडली. त्यातलं एक स्वयंनिर्णयाचं : निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचे कान टवकारतात. हा ‘स्व’ कुणाचा? आपल्या सरकारी इस्पितळात समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलापाशी बाई एकटी येत नाही. सासू असते, दीर असतो, कडेवर पोर असतं. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं तर ती म्हणते, ‘ह्यांना विचारून सांगते.’ पुस्तक म्हणेल, ही परावलंबी आहे. आपला रूढीप्रिय विद्वान म्हणेल, हीच आपली संस्कृती. आम्हाला दोघेही घाईत दिसतात. टिसचे एक संचालक ए. आर. वाडिया मूळचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. भारतीय समाजकार्याच्या इतिहासावर आणि तत्त्वज्ञानावर त्यांनी १९६१ मध्ये ग्रंथ संपादित केला, यात आम्हाला तरी नवल वाटत नाही.

आता ताईंच्या मुलीकडे येऊ. अमेरिकेत एमएसडब्ल्यूला निदान ९०० तास क्षेत्रकार्य करावं लागतं. गणित शिकायला गेलेला मुलगा फळ्यापाशी निभावून नेतो. हिला मात्र परक्या भाषेत, परक्याच्या घरात, त्याचं दुःख ऐकायचं आहे. अशीच गेलेली आमची एक जुनी विद्यार्थिनी वृद्धांच्या केंद्रात काम करायची. एका रात्री तिचा फोन आला. एका गोऱ्या आजोबांपुढे तिने फॉर्म ठेवला, तर ते म्हणाले, ‘लेकीला विचारून सही करतो.’ वरिष्ठांनी नोंद केली : निर्णयक्षमता कमी. ही म्हणाली, ‘सर, मी भांडले. लेकीला विचारायचं हे त्यांनी स्वतःच ठरवलं होतं ना?’

नोंद बदलली. पण तिला त्या सत्रात गुण कमी पडले, हेही सांगायला हवं.

तेव्हा ताई, विद्यापीठाचा क्रमांक पाहिलाच असेल. मुलीला एवढंच विचारायला सांगा की, क्षेत्रकार्याला कुठल्या संस्थेत पाठवणार, आणि देखरेख करणाऱ्यांशी वाद घालायला मुभा आहे का. बाकीचं पुढच्या गुरुवारी.