अॅनफिल्डचा ‘कॉप’

लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अॅनफिल्ड मैदानावर, वॉल्टन ब्रेक रोडच्या बाजूला, गोलच्या मागे एकसंध चढत गेलेला स्टँड आहे. त्याचे पूर्ण नाव ‘स्पायन कॉप’; रोजच्या बोलण्यात नुसते ‘कॉप’. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीचे आहे, आणि त्या टेकडीवर ब्रिटिशांचा पराभव झाला होता.

मैदान या स्टँडपेक्षा जुने. 1884 पासून इथे एव्हर्टन खेळत असे, म्हणजे लिव्हरपूलचा आजचा कट्टर प्रतिस्पर्धी. एव्हर्टनचे अध्यक्ष आणि बिअरचे कारखानदार जॉन हाउल्डिंग यांचे जागेच्या भाड्यावरून क्लबशी बिनसले. 1892 मध्ये एव्हर्टनने जवळच्याच गुडिसन पार्कला बिऱ्हाड हलवले आणि हाउल्डिंग यांच्या हाती रिकामे मैदान उरले. त्यावर खेळायला त्यांनी त्याच वर्षी नवा क्लब काढला. तोच लिव्हरपूल.

या क्लबने 1901 आणि 1906 मध्ये लीगचे विजेतेपद पटकावले. गर्दी मावेना, तेव्हा 1906 मध्ये गोलमागे भराव घालून, उभ्याने सामना पाहण्यासाठी पायऱ्यांचा मोठा चढ उभारला गेला. त्याला ‘स्पायन कॉप’ म्हणावे, असे स्थानिक वृत्तपत्राचे क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी सुचवले. वूलिच आर्सेनलच्या मैदानावरील चढाला हे नाव त्याआधीच, 1904 मध्ये, वापरले गेले होते. पण ते रुजले लिव्हरपुलात, आणि त्याचे कारण लढाईतच आहे.

बोअर युद्धात लेडीस्मिथचा वेढा फोडण्यासाठी निघालेल्या ब्रिटिश फौजेने 23 जानेवारी 1900 च्या रात्री नाताळ वसाहतीतली ही टेकडी चढून ताब्यात घेतली. माथा खडकाळ, त्यामुळे खंदक उथळच राहिले. सकाळी धुके विरले तेव्हा सैनिकांच्या लक्षात आले की आजूबाजूच्या उंचवट्यांवर बोअर आहेत. दिवसभर माथ्यावर मारा झाला आणि दुसऱ्या रात्री फौज मागे फिरली. मेलेल्यांत लँकेशायरच्या पलटणींचे शिपाई फार होते, आणि लिव्हरपूल तेव्हा लँकेशायरमध्येच मोडत असे. जखमींना वाहून नेणाऱ्यांत भारतीय शुश्रूषा पथक होते. मोहनदास गांधी त्यात होते. माणसांनी भरलेला चढ पाहून या शहराला ती टेकडी आठवावी, हे स्वाभाविक होते.

1928 मध्ये कॉप वाढवून त्यावर छप्पर घातले गेले. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे तिथे उभी राहत. कॉपच्या आवाजाची जी ख्याती आहे तिचे मोठे श्रेय या बांधणीला द्यायला हवे: मध्ये खंड नसलेला एकच चढ, खेटून उभी माणसे आणि आवाज मैदानाकडे परतवणारे छप्पर. कॉपलगतच्या कोपऱ्यात ध्वजस्तंभ आहे, तो ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाच्या डोलकाठीचा. मुंबई ते एडन ही समुद्राखालची तारेची केबल 1870 मध्ये याच जहाजाने टाकली होती. पुढे ते लिव्हरपूलजवळ मोडीत निघाले.

गाण्याची प्रथा मात्र 1960 नंतरची. व्यवस्थापक बिल शँक्ली संघ नव्याने घडवत होते आणि त्याच काळात शहरातल्या वाद्यवृंदांनी सगळ्या इंग्लंडला वेड लावले होते. सामन्याआधी ध्वनिक्षेपकावर लोकप्रिय गाणी वाजत आणि कॉप ती उचलून धरी. 1963 मध्ये लिव्हरपूलच्याच ‘गेरी अँड द पेसमेकर्स’ने ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे एका अमेरिकन संगीतिकेतले गाणे गायले. इतर गाणी मागे पडली, हे राहिले. मार्च 1977 मध्ये सेंट एतिएन या फ्रेंच संघाविरुद्ध लिव्हरपूलच्या डेव्हिड फेअरक्लफने अखेरच्या मिनिटांत निर्णायक गोल केला, त्या रात्रीचा कॉप आजही आदर्श मानला जातो.

15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलचे 97 चाहते त्यात प्राणाला मुकले. शोकाकुल लोकांनी अॅनफिल्डवर फुले वाहायला सुरुवात केली, ती कॉपपासून हिरवळीवर दूरवर पसरली. त्यानंतरच्या टेलर अहवालाच्या शिफारशीवरून मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला आसन बंधनकारक झाले. उभ्याचा कॉप अखेरचा भरला 30 एप्रिल 1994 रोजी. नॉर्विचने तो सामना 1-0 असा जिंकला. त्याच जागी सुमारे बारा हजार आसनांचा नवा कॉप उभा राहिला. आवाज काहीसा ओसरला, हे जुन्या चाहत्यांचे म्हणणे खोटे नाही. पण सुरक्षिततेसाठी ती किंमत मोजणे योग्यच होते.

2016 मध्ये मुख्य स्टँड आणि पुढे अॅनफिल्ड रोडकडील स्टँड वाढवल्यावर मैदानाची क्षमता एकसष्ट हजारांवर गेली आहे. तरीही 2 फेब्रुवारी 1952 रोजी वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्धच्या सामन्याला जमलेल्या 61,905 प्रेक्षकांचा विक्रम अजून मोडलेला नाही.