मदरसा, इरसाल, तालीम

कैरोत धर्मभगिनींच्या शाळेचा पत्ता विचारायचा असेल, तर अरबीत ‘मदरसा कुठे आहे?’ असंच विचारावं लागतं. आपल्याकडे मदरसा म्हटलं की मुस्लिम धर्मशिक्षणाची शाळा डोळ्यांसमोर येते. अरबीत या शब्दाला असं कुंपण नाही. दरस म्हणजे धडा, अभ्यास. जिथे दरस चालतो तो मदरसा, मग शिकवणारा मौलवी असो वा मिशनरी. या धातूचं गोतही मोठं आहे. हिब्रूतलं धर्मग्रंथांचं विवरण म्हणजे ‘मिद्राश’, आणि संत एफ्रेमने चौथ्या शतकात सिरियाक भाषेत रचलेली शिकवणगीतं म्हणजे ‘मद्राशा’. इस्लामच्या उदयाआधी दोनशेहून अधिक वर्षं एडेसा शहरात ख्रिस्ती स्त्रिया ही गीतं गात होत्या. शिकण्या-शिकवण्याचा हा धातू कुणा एका धर्माच्या मालकीचा कधीच नव्हता.

मिशनची शाळा मात्र इतर शाळांहून वेगळी ओळखावी लागते. तिथे अरबीत ‘मदरसा’ला एक शब्द जोडला जातो : ‘इरसालिया’. मिशन या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘पाठवणे’ हा अर्थ आहे. धर्मकार्यासाठी परदेशी माणसं पाठवण्याच्या अर्थाने सोळाव्या शतकात जेझुइटांनी तो रूढ केला. अरबीने त्याला तोडीस तोड शब्द दिला, ‘इरसाल’ म्हणजे रवानगी यावरून. पाठवलेला तो ‘रसूल’, हेही त्याच घरातलं. हा इरसाल आपल्या दप्तरांतही आहे. वसूल झालेला ऐवज सरकारी खजिन्याकडे रवाना करणं म्हणजे इरसाल करणं, अशी मराठी कारभाराची भाषा होती. आज तो शब्द कागदोपत्री फारसा उरला नाही. वांड, द्वाड पोराला मात्र आपण हमखास ‘इरसाल’ म्हणतो.

कुणी पाठवलेली नव्हे, तर स्वतःहून निघालेली अशीच एक बाई इजिप्तच्या इतिहासात आहे. मेरी लुइझा व्हेटली ही डब्लिनच्या आर्चबिशपची मुलगी. १८६१ साली तिने कैरोच्या एका गरीब वस्तीत मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. तेव्हा मुलांना ‘कुत्ताब’ होते. कुत्ताब म्हणजे लिहिण्याची जागा. आपली किताब त्याच धातूची. तिथे चटईवर बसून मुलं लाकडी पाटीवर कुराणातल्या आयती लिहीत, पाठ करत, पाटी धुऊन पुन्हा लिहीत. गरीब घरच्या मुलींच्या वाट्याला हे क्वचितच येई. व्हेटलीबाई एका सिरियन सहायिकेला घेऊन गल्लीबोळांतून हिंडल्या, दारात बसलेल्या आयांशी बोलल्या. मुलीला अक्षर कशाला, हा प्रश्न तिथेही होताच. पण शिवणकाम आयांना पटलं. सुई-दोऱ्याच्या निमित्ताने मुली आल्या आणि अलिफ-बे शिकू लागल्या. सोबत बायबलमधल्या गोष्टीही आल्या. पुढे इजिप्तचा शासक खदीव इस्माईल याने या शाळेसाठी जमीन दिली. १८७३ साली त्याच्याच एका बेगमेच्या आश्रयाने कैरोत सरकारी मुलींची शाळा उघडली. १८८९ मध्ये व्हेटलीबाई कैरोतच वारल्या.

मराठी वाचकाला इथे अहमदनगरच्या सिंथिया फरारबाई आठवतील. त्यांच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांच्या मनावर ठसा उमटवला, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. इजिप्तमधल्या बायांचं श्रेयही तितक्याच मोकळेपणाने मान्य करायला हवं.

पण दुसरी बाजू एका शब्दाच्या घसरणीत दिसते. ‘तब्शीर’ म्हणजे शुभवार्ता देणं. मराठी ख्रिस्ती ज्याला शुभवर्तमान म्हणतात, नेमका तोच अर्थ. हा शब्द मुस्लिमांनाही तितकाच जवळचा : कुराणात पैगंबरांना ‘बशीर’, शुभवार्ता देणारा, म्हटलं आहे. ‘बशरा’ म्हणजे त्वचा. जी बातमी ऐकताच चेहऱ्याची कांती पालटते ती ‘बिशारा’, म्हणजे शुभवार्ता, असा उलगडा जुन्या अरबी कोशकारांनी केला आहे. इतका सुंदर शब्द विसाव्या शतकात अरबी वर्तमानपत्रांत आरोपासारखा वापरला जाऊ लागला. १९५३ मध्ये बैरूतहून निघालेल्या एका गाजलेल्या अरबी पुस्तकाच्या नावातच ‘तब्शीर’ आणि ‘साम्राज्यवाद’ शेजारी-शेजारी बसवलेले आहेत.

याला कारणं होती. १९३३ च्या उन्हाळ्यात पोर्ट सैदमधल्या एका मिशन अनाथालयात किशोरवयीन मुस्लिम मुलीला मारहाण झाली. तिच्यावर धर्मांतराची जबरदस्ती झाल्याची बातमी देशभर पसरली आणि इजिप्त पेटून उठलं. मुस्लिम ब्रदरहुडसारख्या संघटनांना त्यातून बळ मिळालं, मुस्लिम अनाथालयं निघू लागली. १९३४ साली कायदाच झाला : शाळेने विद्यार्थ्याला त्याच्या धर्माखेरीज दुसरा धर्म शिकवायचा नाही, पालकांची संमती असली तरीही नाही. अनाथ लेकराच्या मागे उभं राहायला आई-बाप नसतात. त्याला जेवण, अंथरूण आणि अक्षर देणाऱ्याने त्याच्या श्रद्धेवर हात टाकला, तर ‘नाही’ म्हणायला ते कुठे जाणार? शुभवार्ता देणाऱ्यापासून उठून जाण्याची मुभा ऐकणाऱ्याला नसेल, तर ती वार्ता शुभ राहत नाही. शब्द बाटला तो इथे.

या सगळ्यात एक शब्द स्वच्छ राहिला : ‘तालीम’. इल्म म्हणजे ज्ञान, आणि ते दुसऱ्याला देणं म्हणजे तालीम. इजिप्तच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावात आजही ‘तर्बिया’ आणि ‘तालीम’, म्हणजे संगोपन आणि शिक्षण, असे दोन शब्द आहेत. मराठीने तालमीला आखाड्याच्या लाल मातीत नेलं, नाटकवाल्यांनी तिला रंगमंचावर नेलं. अर्थ थोडा हलला, गाभा तोच राहिला. कुस्ती असो वा नाटक, तालमीत शिकणाऱ्याच्या अंगी काय आलं हेच पाहतात. त्याला कुणाच्या हिशेबात जमा धरत नाहीत.

इरसाल आणि तालीम यांतला फरक मला इथे महत्त्वाचा वाटतो. इरसालात नजर पाठवणाऱ्याकडे असते : किती पाठवलं, किती पोचलं, किती जमा झालं. मिशनच्या वार्षिक अहवालांत मुलांचे आकडे जेव्हा धर्मकार्याची जमा म्हणून मांडले गेले, तेव्हा मुलं ऐवज झाली. तालमीत नजर समोरच्या मुलावर असते. व्हेटलीबाईंच्या शाळेत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या, आणि त्यातली अक्षरओळख हेच त्या मुलींचं खरं धन होतं, असं मला मनापासून वाटतं. परक्या देशात, परक्या धर्माच्या घरांतून आलेल्या चिमुरड्यांना शिकवायला बसणाऱ्याने आपली श्रद्धा लपवू नये. पण मुलाची श्रद्धा ही त्याच्या घरची ठेव आहे, ती जशीच्या तशी परत द्यायची आहे, एवढं भान त्याने ठेवलंच पाहिजे. ही अट मिशनशाळेला आहे, आपल्या गल्लीतल्या मदरशाला आहे, आणि संस्कारवर्गालाही तितकीच आहे.