पाथरीचा गुलाम व दप्तरांतील कुणबिणी

परभणी जिल्ह्यांतील सोनपेठहून उत्तरेकडे निघून गोदावरी ओलांडली म्हणजे पाथरी हा जुना कसबा लागतो. अहमदनगरच्या निजामशाहीचें मूळ या गांवच्या कुळकर्ण्याच्या घरांत होतें, असें फेरिस्ता सांगतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणें या घराण्यांतील बहिरव नांवाच्या ब्राह्मणाचा मुलगा तिमाभट हा विजयनगरच्या मुलखांत अहमदशहा बहामनीच्या फौजेच्या हातीं लागला. त्यास मुसलमान करून मलिक हसन असें नांव दिलें व बादशाही गुलामांत दाखल केलें. पुढें हाच गुलाम बहामनी राज्याचा मलिक नायब झाला, व त्याचा मुलगा मलिक अहमद यानें इ. स. १४९० त निजामशाही स्थापिली.

परंतु सय्यद अली तबातबा यानें १५९२ च्या सुमारास अहमदनगरच्या आश्रयानें लिहावयास घेतलेला 'बुऱ्हान-इ-मआसिर' पाहिला, तर तेथें मलिक अहमद हा बहामनी राजवंशांतला ठरविलेला आढळतो. धन्याच्या मूळपुरुषाचें गुलामपण दरबारी ग्रंथकारास अडचणीचें वाटलें असावें. फेरिस्ता १५८९ तच अहमदनगर सोडून विजापुरास गेला होता. त्यास ती भीड नव्हती. अहमदचा पुत्र बुऱ्हान यानें पूर्वजांचें गांव म्हणून पाथरी मागितली व इमादशहा देईना तेव्हां १५१८ त ती बळानें घेतली, ही हकीकतहि फेरिस्ताच देतो. त्याचा हा वृत्तांत खरा धरला, तर नातवास आजोबांच्या गांवाची लाज वाटली नाहीं. ती त्याच्या वंशजांच्या इतिहासकारास वाटली, असें म्हणावें लागतें.

लाजेनें इतिहासांतील दास्य झांकलें जातें, हा या टिपणाचा मुख्य मुद्दा आहे. तवारिखांत गुलामांचीं नांवें उरलीं तीं राज्य कमावणारांचीं. हबसाणांत जन्मलेला, मोख्याच्या बाजारांत विकला गेलेला व दक्षिणेंत चंगेजखानानें विकत घेतलेला मलिक अंबर १६२६ त वारला तेव्हां निजामशाहीचा कर्ताधर्ता होता. त्याची कबर खुलदाबादेस आहे. ज्यांनीं जन्मभर दुसऱ्याच्या घरीं दळण दळलें, त्यांची दखल तवारिखकारांनीं घेतली नाहीं. ती घेतली हिशेबनिसांनीं.

पेशवे दप्तरांतील कागदांत बटकी व कुणबिणी जागोजाग येतात. कोठ्या, पागा व किल्ल्यांवरील कामास त्या नेमल्या जात. कामगारांस बक्षीस दिल्या जात. त्यांच्या खरेदीविक्रीच्या रकमा लिहिल्या जात. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या बायकांस सरकारांत बटीक केल्याचे दाखले आहेत. दुष्काळांत आईबापांनींच पोटचीं पोरें विकलीं, असेंहि आढळतें. म्हातारपणीं सुटका झाली तरी पुष्कळदां मोबदला भरावा लागे, किंवा ऐवजीं दुसरी कुणबीण द्यावी लागे.

येथें वाचकांस एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. 'कुणबीण' म्हणजे कुणब्याची बायको असा सरळ अर्थ घेऊन पुष्कळ कागद चुकीचे वाचले जातात. मोल्सवर्थच्या कोशांत या शब्दाचा दासी हाहि अर्थ दिला आहे. नांवापुढें वय, वर्ण व रुपये लिहिलेले असतील, तर तेथें जात सांगितलेली नसून विक्री नोंदलेली आहे, हें ध्यानांत ठेवावें.

या व्यापारास बंदी घातल्याचा एक मोठा दाखला आपल्याकडे आहे. १६७७ त कर्नाटकांतील स्वारीच्या वेळीं शिवाजीमहाराजांनीं वलंदेजांस जो कौल दिला त्यांत, मुसलमानी अमलांत गुलाम विकत घेऊन नेण्याची तुम्हांस मोकळीक होती, आमच्या राज्यांत ती नाहीं, अशा अर्थाचें कलम आहे. तें अभिमानानें सांगावें. परंतु त्यानंतरच्या शंभर वर्षांतील कुणबिणींचे कागद त्याच्याच शेजारीं ठेवावे. एक कागद छापावा व दुसरा बासनांत दडवावा, हा संशोधनाचा न्याय नव्हे.

कायद्याची गतिहि तपासून घेतली पाहिजे. इंग्लंडच्या पार्लमेंटानें १८०७ त गुलामांचा व्यापार बंद केला व १८३३ त वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. तथापि कंपनीचा मुलूख या दुसऱ्या कायद्यांतून वगळला होता. हिंदुस्थानांत १८४३ चा पांचवा कायदा झाला. त्यानें गुलामावरील मालकी हक्क अदालतींनीं मानूं नये एवढें ठरलें. गुलाम बाळगणें हा गुन्हा ठरला नाहीं. माणूस गुलाम म्हणून विकत घेणें किंवा विकणें याला १८६० च्या दंडसंहितेनें शिक्षा सांगितली, व ती संहिता १८६२ पासून अमलांत आली.

हे कायदे प्रथम कंपनीच्या व मागून इंग्रजी अमलाखालील मुलखाचे होत. सोनपेठ व पाथरी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतीं. माणसांचा व्यापार व वेठ यांस मनाई करणारें राज्यघटनेचें तेविसावें कलम त्यांस १९५० त लागू झालें. म्हणून १८४३ हा आंकडा पाहून मराठवाड्यांतील दप्तरांत पुढें शोधण्याजोगें कांहीं नाहीं असें समजूं नये. तेथें शोधाची मर्यादा कंपनीच्या कायद्यानें आंखतां येत नाहीं.

सनदा व वतनपत्रें लोक जपून ठेवतात, कारण त्यांत घराण्याचा मान असतो. कुणबिणीच्या खरेदीखतांत मान नाहीं, म्हणून तें वाळवीच्या स्वाधीन होतें, किंवा दप्तर संशोधकाच्या हातीं देण्यापूर्वी कोणी तें काढून ठेवतो. अशा चिटोऱ्यावर कधीं कधीं एका बाईचें नांव, वय व किंमत असते. तिच्याविषयीं जगांत दुसरा कागद नसतो. तो नाहींसा झाला म्हणजे ती दुसऱ्यांदा नाहींशी झाली. संग्राहकांनीं अशीं खतें सनदांच्याच बासनांत बांधावीं, व यादी करितांना त्या बाईचें नांव मालकाच्या नांवाआधीं लिहावें.