माथ्यावरचा अंक

दहाच्या खांद्यावर लहानसा तीन लिहिला की एक हजार होतात. तोच तीन खाली ओळीवर उतरला की एकशे तीन उरतात. दशमान पद्धतीत जसा डाव्या-उजव्या स्थानाला अर्थ आहे, तसा येथे उंचीला अर्थ आहे. म्हणूनच या चिमुकल्या अंकाचा इतिहास आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणिता’त उंचीचा प्रश्नच नव्हता. अव्यक्त राशी ‘या’, वर्ग ‘व’, म्हणून ‘याव’. सारे एकाच ओळीत. फ्रान्समध्ये निकोला शुके याने १४८४ च्या हस्तलिखितात घाताचा अंक वर चढविला. पण ते जवळजवळ चारशे वर्षे अप्रकाशितच राहिले. १६३७ साली देकार्तच्या भूमितीवरील ग्रंथाने आजची रीत रूढ केली. गंमत अशी, की वर्गासाठी तो पुष्कळदा अक्षरच दोनदा लिही.

छापखान्यात लहान खिळा वर बसविला की काम भागे. संगणकाच्या साध्या मजकुरात मात्र अक्षरांचा क्रम तेवढा असतो, उंची नसते. १९५७ च्या फोर्ट्रान भाषेने घातासाठी दोन तारका योजल्या. म्हणजे गणित पुन्हा भास्कराचार्यांच्या एका ओळीवर आले! १९६३ च्या अमेरिकन वर्णसंकेतातील १२८ जागांत उंच अंकाला एकही जागा नव्हती. १९८७ च्या पश्चिम युरोपीय संकेतात उंच एक, दोन व तीन एवढेच आले. बाकीचे १९९१ च्या युनिकोडमध्ये, पण दूरच्या निराळ्या पानावर.

या दोन हप्त्यांची फळे पडद्यावरील लेबलांत आजही दिसतात. अक्षरसंचात, म्हणजे फॉन्टमध्ये, पहिले तीनच अंक असले तर चौरस मीटरचा दोन नीट उमटतो. चौथ्या घाताचा चार मात्र दुसऱ्या फॉन्टमधून येऊन वेडावाकडा बसतो, किंवा रिकामी चौकट दिसते. ‘हा अंक वर घ्या’ अशी खूण मजकुरात घातली, तर काही लेबले ती पाळतात. काही ती खूणच जशीच्या तशी वाचकापुढे मांडतात. म्हणून साध्या लेबलात उंच अंकाचे स्वतंत्र अक्षरच घालावे, आणि दहाही अंक असलेला फॉन्ट निवडावा.

देवनागरीची अडचण याहून मोठी. युनिकोडमध्ये सामवेदाच्या स्वरखुणांसाठी अक्षराच्या थेट डोक्यावर बसणारे देवनागरी अंक २००९ साली आले; घातांकासाठी स्वतंत्र देवनागरी अंक नाहीत. तेव्हा मराठी लेबलात एक तर आंतरराष्ट्रीय अंक पत्करावा, नाही तर खूण पाळणारे लेबल वापरावे. अंक खाली घसरू देणे हा मार्ग नव्हे. त्याने हजाराचे एकशे तीन होतात, आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.