लोणी, लेणी आणि सर्च इंजिन

मंडळी, एक सोपा प्रश्न. 'लोणी', 'लोणि', 'लोनी' आणि 'लेणी' या चारांत वेगळा शब्द कुठला? पहिलीतलं पोरगंसुद्धा सांगेल, लेणी. कॉम्प्युटरला मात्र हे जड जातं.

चुकलेलं स्पेलिंग ओळखायची सगळ्यात प्रसिद्ध पद्धत १९६५ सालची. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेवेनश्टाइन यांची. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजायचं. जितकी कमी, तितके शब्द जवळचे. आता 'लोणी' म्हणजे युनिकोडमध्ये चार चिन्हं: ल, ओकार, ण आणि दुसरी वेलांटी. वरचे बाकी तिन्ही शब्द यापासून बरोब्बर एका चिन्हाच्या अंतरावर! म्हणजे लोणी काळभोर शोधणाऱ्याच्या पुढ्यात अजिंठ्याची लेणी आली तरी गणित चुकलेलं नाही.

त्याआधीची युक्ती म्हणजे साउंडेक्स. रॉबर्ट रसेल या अमेरिकन माणसानं १९१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. पण स्वरच गाळले की रोमन लिपीतली लोणी आणि लेणी परत एकच. ही युक्ती इंग्रजी आडनावांसाठी ठीक होती, पूर्व युरोपातल्या आडनावांपुढे तिनं हात टेकले. मॉस्कोविट्झ डब्ल्यूनं लिहिलं की एक कोड, व्हीनं लिहिलं की दुसरा. म्हणून १९८५ मध्ये रँडी डाइच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी त्या नावांसाठी वेगळी पद्धत काढली. पोलिशमध्ये तर एकाच 'उ' उच्चाराला दोन अक्षरं आहेत, आणि तिथली पोरं त्यात हमखास अडकतात. ओळखीचं वाटतंय ना? आपलं ऱ्हस्व-दीर्घ!

पण आपल्याकडे गंमत अशी की यातल्या बऱ्याच 'चुका' मुळात चुका नाहीतच, तो इतिहास आहे.

मोडीत साधारणपणे एकच वेलांटी आणि एकच उकार. ऱ्हस्व की दीर्घ हा प्रश्नच नाही. वर शब्द एकमेकांना चिकटवून सलग लिहायचे. पेशवे दफ्तरातले कागद असेच आहेत. त्यातले निवडक कागद गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ मध्ये ४५ खंडांत छापले. त्या काळच्या देवनागरी छपाईत 'पुणें', 'नांव', 'कांहीं' असे न उच्चारलेले अनुस्वार असायचे. मग १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम शासनानं मान्य केले, १९७२ मध्ये त्यात आणखी ४ आले. अनुस्वार गेले, शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. 'कवि'चा 'कवी' झाला. 'आणि', 'नि' असे मोजके शब्द तेवढे सुटले.

आता 'घरांत' हा शब्द बघा. जुन्या पुस्तकात तो एकाच घराबद्दलही असू शकतो, आज तो अनेक घरांबद्दलच. अक्षरं तीच, पण साल कळल्याशिवाय अर्थ लागत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते नुसतं अंतर मोजू नये, आधी प्रत्येक शब्दाची एक 'चावी' बनवावी. चावीत वेलांट्या एक, उकार एक, ण आणि न एक, ळ आणि ल एक, 'नांव'सारख्यांचे अनुस्वार गायब. दोन तऱ्हांनी टाइप होणारा 'ऱ्या'सुद्धा एकाच साच्यात. पण ओकार आणि एकार वेगळेच! मग लोनी लोणीत मिसळते, लेणी बाहेर राहते. शिवाय 'पूल' आणि 'पुलावर', 'मीठ' आणि 'मिठाचा' यांतला फरकही निम्मा आपोआप मिटतो.

फुकट काहीच मिळत नाही म्हणा. 'दिन' आणि 'दीन' एक होतात. म्हणून मूळ शब्द जसाच्या तसा जपायचा, तंतोतंत जुळणारे निकाल वर दाखवायचे आणि प्रत्येक कागदाचं साल सोबत ठेवायचं.

एवढा खटाटोप कशाला? २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यात जुन्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा मोडी वाचणारी माणसं शोधायची वेळ आली. असे कागद उद्या स्कॅन होतील, टाइपही होतील. पण पणजोबांचं नाव तेव्हाच्या कारकुनानं त्याच्या पद्धतीनं लिहिलेलं असणार आणि आपण ते आजच्या नियमानं शोधणार. स्क्रीनवर 'एकही निकाल नाही' असं आलं की समोरचा माणूस नोंदच नाही असं समजून घरी जातो. नोंद असते, फक्त वेलांटी वेगळी असते. त्या वेलांटीवर कुणाचा दाखला अडू नये, इतपत मराठीचा इतिहास आपल्या कोडला यायलाच हवा.