घरच्यांनाही तोच नियम

जावावाल्यांना ‘एक्लिप्स’ म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्या मंडळींसाठी: प्रोग्राम लिहायचा, तपासायचा, चालवून बघायचा, हे सगळं एकाच खिडकीत करून देणारं साधन. आयबीएमने नोव्हेंबर २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्या कोडची किंमत तेव्हा ४ कोटी डॉलर सांगितली गेली. एवढं फुकट का दिलं, यावर खूप चर्चा झाली. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते.

एक्लिप्सचा गाभा अगदी छोटा. त्याला जावासुद्धा येत नाही! जावा समजणारा भाग हेही एक प्लगइन, म्हणजे वरून जोडलेला तुकडा. ते आयबीएमच्या माणसांनी लिहिलेलं असो की तुम्ही-आम्ही, जोडायची रीत एकच.

ही रीतही गमतीची. प्लगइनसोबत ‘प्लगइन.एक्सएमएल’ नावाची फाईल द्यायची. आपण कुठल्या मेनूत बसणार, काय काम करणार, ते त्यात लिहायचं. एक्लिप्स सुरू होताना फक्त ही पाटी वाचतं. आतल्या कोडला उठवतं ते कुणी बटण दाबल्यावरच. म्हणून तर शेकडो प्लगइन्स घेऊनही ते उघडायचं. (सावकाश उघडायचं, हा भाग वेगळा!)

बसवणं वरवर सोपं. झिप उघडा, ‘प्लगइन्स’ फोल्डरमध्ये टाका, एक्लिप्स बंद करून पुन्हा चालू करा. पण एका प्लगइनला दुसऱ्याची ठरावीक आवृत्ती लागे, दुसऱ्याला तिसऱ्याची. मधलं एक नसलं की आपलं प्लगइन मेनूत दिसायचंच नाही. २००८ मध्ये ‘पी-टू’ आलं आणि काही बसवण्याआधीच हा सगळा हिशेब होऊ लागला.

खरी कसोटी मात्र त्याआधीच, २००४ मध्ये लागली होती. ३.० आवृत्तीत प्लगइन जोडायची आतली यंत्रणाच बदलून ‘ओएसजीआय’ आणली. जुनी प्लगइन्स सरळ मोडीत काढता आली असती. पण त्यांच्यासाठी मध्ये एक वेगळा थर ठेवला आणि त्यातली बहुतेक चालत राहिली. परक्या माणसाला एकदा दार उघडून दिलं, की ते दार आपल्या सोयीने हलवता येत नाही. त्याची मेहनत त्यावर उभी असते.

पुढे दिवस फिरले. २०१५ अखेर गूगलने अँड्रॉइडच्या एक्लिप्स प्लगइनचं काम थांबवलं. एक्लिप्सच्या जावा भागाचं नेतृत्व केलेले एरिक गामा २०११ मध्येच मायक्रोसॉफ्टमध्ये गेले होते. तिथे त्यांच्या चमूने २०१५ मध्ये ‘व्हीएस कोड’ आणलं. आज त्यात जावासाठी रेड हॅटचं एक्स्टेन्शन टाकलं, की आत काम करतो तो एक्लिप्सचाच जावा भाग.

घरच्यांनाही पाहुण्यांचाच नियम लावला होता ना, म्हणून तो दुसऱ्याच्या घरीही निभावला. मला तरी असंच वाटतं. तुम्हाला?