‘वर्म’ या इंग्रजी शब्दाचा अर्थसंकोच

इंग्रजी ‘वर्म’ या शब्दाने आज गांडूळ, जंत, अळी यांसारख्या मऊ, वळवळणाऱ्या क्षुद्र जीवांचा बोध होतो. मराठीतील मर्मवाचक ‘वर्म’ शब्दाशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात मात्र नायकाचा प्राण घेणाऱ्या, आग ओकणाऱ्या, निधिरक्षक महासर्पालाही ‘व्युर्म’ हेच नाव आहे. आजचा अर्थ गृहीत धरून ते काव्य वाचणाऱ्यास त्यातील भय उमगणार नाही.

प्राचीन इंग्रजीत किड्यापासून महासर्पापर्यंत सरपटणारे सारे जीव या एका शब्दात सामावत. भगिनीभाषांची साक्षही अशीच आहे. गॉथिक ‘वौर्म्स’ आणि प्राचीन नॉर्स ‘ओर्म्र’ हे सर्पवाचक होत. लॅटिन ‘वेर्मिस’ हा सगोत्र शब्द मात्र किड्याचा वाचक आहे. संस्कृत ‘कृमि’ शब्दाशी दिसणारे साम्य मोहक असले, तरी ध्वनिनियमांत बसत नाही. ‘कृमि’मधील आद्य ‘क’च्या स्थानी जर्मानिक शाखेत ‘ह्व’ अपेक्षित आहे, ‘व’ नव्हे. ‘कृमि’चे खरे सगोत्र फारसी ‘किर्म’ व लिथुआनियन ‘किर्मिस’ हे होत.

इ. स. 1066 मधील नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधून ‘ड्रॅगन’ व ‘सर्पंट’ हे शब्द इंग्रजीत आले. देशी ‘स्नेक’ही सर्पवाचक म्हणून रूढ झाला. मोठ्या जीवांना अशी स्वतंत्र नावे मिळाली आणि ‘वर्म’कडे लहान जीव तेवढे उरले. हा संकोच सावकाश झाला. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ नाटकात क्लिओपात्रेला दंश करणारा सर्प अद्याप ‘वर्म’च आहे. डरहॅम परगण्यातील ‘लॅम्टन वर्म’ या दंतकथेत जुना अर्थ आजही टिकून आहे.

शास्त्रानेही या शब्दाला निश्चित सीमा दिली नाही. लिनीअसने 1758 मध्ये ‘वेर्मेस’ या वर्गात गोगलगाईंनाही स्थान दिले होते. पुढे तो वर्ग मोडून चपटे, गोल व वलयांकित कृमी असे निराळे संघ करावे लागले. लोकव्यवहारात तर ‘सिल्कवर्म’ ही पतंगाची अळी, ‘स्लोवर्म’ हा बिनपायांचा सरडा आणि ‘रिंगवर्म’ हा बुरशीजन्य नायटा होय.

सारांश, ‘वर्म’ हे मूलतः प्राण्याच्या जातीचे नव्हे, तर सरपटण्या-वळवळण्याच्या रीतीचे नाव आहे. म्हणूनच कोशात त्यापुढे ‘किडा’ एवढाच प्रतिशब्द देणे अपुरे ठरते. प्रत्येक अर्थाबरोबर त्याचा कालखंडही नोंदविला पाहिजे.